एक आघात, अनेक तारा: स्वीप पिकिंगचा इतिहास, देवगिरीपासून सटाण्यापर्यंत

१/ सटाणा म्हटले की इतिहासप्रेमींना साल्हेर आणि मुल्हेर आठवतात, १६७२ ची साल्हेरची लढाई आठवते, देवमामलेदार यशवंतराव महाराजांचे मंदिर आठवते. गिटार सहसा कोणाला आठवत नाही. पण बागलाणातील एखादा विद्यार्थी आज मोबाइलवर गिटार शिकू लागला, की काही महिन्यांतच त्याच्यासमोर एक शब्द येतो: ‘स्वीप पिकिंग’. हा धागा त्या तंत्राच्या इतिहासाविषयी आहे.

२/ या तंत्राविषयी दोन विधाने नेहमी ऐकू येतात. पहिले असे, की हे सारे पाश्चात्त्यांचे असून आपल्या संगीताशी त्याचा काहीही संबंध नाही. दुसरे असे, की हे सारे आपल्या ग्रंथांत आधीच लिहून ठेवलेले आहे. दोन्ही विधाने मोठ्या आत्मविश्वासाने केली जातात आणि दोन्ही तपासून पाहण्याजोगी आहेत. तपासासाठी फार लांब जावे लागत नाही. सटाण्यापासून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर देवगिरी आहे, आणि भारतीय संगीतशास्त्राचा एक आधारग्रंथ तिथल्याच दरबारात लिहिला गेला.

३/ आधी तंत्र समजून घेऊ. गिटारला सहा तारा असतात. उजव्या हातातील पिकने तार छेडतात, डाव्या हाताची बोटे पडद्यांपाशी तार दाबून स्वर ठरवतात. सर्वसाधारण वादनात पिक एकदा खाली आणि एकदा वर, असे आळीपाळीने चालते. याला ‘अल्टरनेट पिकिंग’ म्हणतात. सतार शिकलेल्या माणसाला हे नवे वाटणार नाही. मिजराबीचे ‘दा’ आणि ‘रा’ हे बोल म्हणजे अशाच दोन दिशांचे आघात होत.

४/ आता समजा, तीन स्वर तीन शेजारच्या तारांवर एकेक असे आहेत. आळीपाळीने वाजवायचे तर पिकला प्रत्येक वेळी तार ओलांडून जावे लागते आणि पुन्हा उलटे फिरावे लागते. यात बरीच हालचाल वाया जाते. त्याऐवजी पिक एकाच दिशेने, न उचलता, एका तारेवरून दुसरीवर आणि दुसरीवरून तिसरीवर सरकत नेली, तर तीनही स्वर एका हालचालीत मिळतात. केरसुणी जमिनीवरून एका दिशेने ओढत न्यावी तशी ही क्रिया. इंग्रजीतील ‘स्वीप’ या शब्दाचा मूळ अर्थही झाडणे असाच आहे.

५/ पण केवळ पिक ओढली की स्वीप होत नाही. सगळ्या तारा एकदम दाबून पिक ओढली तर ऐकू येतो तो कॉर्ड, म्हणजे स्वरांचा एकत्रित पुंजका. स्वीपमध्ये प्रत्येक स्वर सुटा ऐकू यावा लागतो. पुढचा स्वर सुरू होताच मागचा थांबला पाहिजे. ते काम डाव्या हाताचे. एका तारेवरचा स्वर वाजला रे वाजला की बोटाचा दाब सैल करायचा आणि पुढचे बोट दाबायचे. उजवा हात ओढतो, डावा हात दारे उघडतो आणि बंद करतो. या तंत्राचा सारा इतिहास या ‘बंद करण्या’भोवती फिरतो.

६/ आता देवगिरी. यादव राजा सिंघण याच्या काळात (सुमारे १२१० ते १२४७) दरबारात शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले आणि वडील सोढल यादवांच्या सेवेत होते. शार्ङ्गदेव हिशेब आणि दप्तराच्या वरिष्ठ पदावर होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्यायांच्या या ग्रंथाचा सहावा अध्याय वाद्यांचा आहे. तत, सुषिर, अवनद्ध आणि घन अशा चार वर्गांत तिथे वाद्ये मांडली आहेत. तारांची वाद्ये पहिल्या वर्गातली.

७/ या अध्यायातील दोन वीणा आपल्या विषयासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली मत्तकोकिला. तिला एकवीस तारा, म्हणजे तीन सप्तकांतील प्रत्येक स्वराला स्वतंत्र तार. पंधराव्या शतकात विजयनगरच्या आश्रयाने या ग्रंथावर टीका लिहिणारा कल्लिनाथ सांगतो, की लोकव्यवहारात मत्तकोकिलेलाच स्वरमंडल म्हणतात. किशोरी आमोणकर किंवा पंडित जसराज यांच्या मैफिलीची छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना गायकाच्या मांडीवरचे स्वरमंडल ओळखीचे असेल.

८/ स्वरमंडलावर बोट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवले की स्वरांची एक लाट उठते. हालचाल पाहिली तर ती स्वीपच आहे: एक दिशा, एक ओघ, अनेक तारा. मात्र कानाला मिळणारा परिणाम वेगळा असतो. तारा मोकळ्या असतात, त्यांना कोणी थांबवत नाही, आणि सारे स्वर एकमेकांत मिसळून गायकाच्या आवाजामागे आधार म्हणून तरंगत राहतात. मिसळणे हेच तिथे अभिप्रेत आहे. सतारिये आलापाच्या आरंभी तरफेच्या तारांवरून हलकेच बोट फिरवतात, त्याचाही हेतू असाच.

९/ दुसरी वीणा एकतंत्री. नावाप्रमाणे तिला एकच तार. डाव्या हातात बांबूची कांबी, जिला ग्रंथात ‘कम्रिका’ म्हटले आहे, ती तारेवरून सरकवून स्वर काढायचे. शार्ङ्गदेवाने या वीणेचे वर्णन फार बारकाईने केले आहे आणि वीणावादनातील हातांच्या क्रियाही नावानिशी सांगितल्या आहेत. काही क्रिया उजव्या हाताच्या, काही डाव्या हाताच्या, काही दोन्ही हातांच्या. त्यांत भ्रमर आणि नखकर्तरी अशी नावे येतात. या क्रियांत बोटे एकामागून एक, झटपट, तारेवर आघात करतात.

१०/ ‘आपल्या ग्रंथांत स्वीप पिकिंग होते’ असे म्हणण्याचा मोह नेमका इथे होतो. तो आवरला पाहिजे, कारण चित्र उलटे आहे. स्वीपमध्ये आघात करणारी वस्तू एक आणि तारा अनेक. भ्रमर आणि नखकर्तरीत बोटे अनेक आणि तार एक. प्रश्न दोन्हीकडे एकच आहे: हात न थकवता, थोड्या वेळात, अनेक सुटे आघात कसे मिळवायचे? उत्तरे मात्र परस्परविरुद्ध दिशांनी शोधली गेली. एका परंपरेने तारा वाढवल्या, दुसरीने बोटे कामाला लावली.

११/ हा फरक का पडला, याचे उत्तर वाद्याच्या रचनेत आणि संगीताच्या गरजेत आहे. रागसंगीताला स्वरांमधला प्रवास हवा असतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तार बदलून निघत नाही, ती एकाच तारेवर निघते. म्हणून सतारीत मुख्य काम बाजाच्या तारेचे. पडदा तोच ठेवून तार बाजूला ओढली की कुशल वादक चार-पाच स्वरांपर्यंत चढतो. बाकीच्या तारा षड्जाचा आधार देतात, चिकारी लय धरते आणि तरफा गुंजतात. तुणतुणे आणि एकतारी यांचे एकतारीपणही याच जगातले आहे.

१२/ युरोपीय संगीताने साधारण गेल्या चार-पाच शतकांत वेगळी वाट धरली. तिथे अनेक स्वर एकाच वेळी वाजवण्याला, म्हणजे हार्मनीला, महत्त्व आले. त्यासाठी अनेक तारा एकदम दाबता येतील असे वाद्य हवे होते. गिटारच्या सहा तारांची आजची प्रचलित जुळणी अशीच आहे, की चार बोटांच्या आवाक्यात कॉर्ड बसावा. कॉर्डचे स्वर एकदम न वाजवता एकेक करून वाजवले की त्याला आर्पेजिओ म्हणतात. ज्या वाद्यात कॉर्ड अनेक तारांवर पसरलेला असतो, त्यात आर्पेजिओही अनेक तारांवर पसरतो. स्वीपची गरज इथून निर्माण झाली.

१३/ या गरजेला व्हायोलिनने आधी उत्तर दिले. निकोलो पागानिनी याचे चोवीस कॅप्रिस १८२० मध्ये छापले गेले. त्यांतील पहिल्या कॅप्रिसमध्ये गज चारही तारांवरून उसळत जातो आणि आर्पेजिओ उमटतात. व्हायोलिनची घोडी कमानदार असल्यामुळे गज साधारणपणे एका तारेला भिडतो, आणि तार सोडली की तिचा स्वर लगेच ओसरतो. गिटारची तार मात्र छेडल्यावर वाजत राहते. गज जे काम आपोआप करतो ते गिटारवादकाला डाव्या हाताने मुद्दाम करावे लागते. पागानिनी स्वतः गिटारही वाजवत असे, हे इथे नमूद करण्याजोगे.

१४/ गिटारवर हे तंत्र एका माणसाने शोधले असे म्हणता येत नाही. १९१० मध्ये बेल्जियममध्ये जन्मलेल्या जँगो राइनहार्टच्या जिप्सी शैलीत नियम असा होता, की नव्या तारेवर जाताना आघात खालच्या दिशेने करायचा. त्यामुळे चढत्या आर्पेजिओत पिक आपोआप एकाच दिशेने जाई. १९२८ च्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळपास निकामी झाली होती. एकल वादनाचा बहुतेक भार उरलेल्या दोन बोटांवर होता, तरी त्याचे स्वर सुटे आणि स्वच्छ ऐकू येतात.

१५/ पुढे लेस पॉल, चेट अ‍ॅटकिन्स, टॅल फार्लो, बार्नी केसेल या अमेरिकी वादकांनी १९५० च्या दशकात अशा सरकत्या आघातांचा उपयोग केला. पण तो अलंकारापुरता होता. एखादी ओळ सुरू करताना किंवा संपवताना एक झटका, मग पुन्हा नेहमीचे वादन. संपूर्ण वाक्य स्वीपवर उभे करण्याची कल्पना अजून रुजायची होती.

१६/ त्याच काळात मुंबईत काय चालले होते? गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथून निघालेले अनेक वादक मुंबईत आले. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबे याचा जॅझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजला, आणि १९३९ पासून पुढे सुमारे दोन दशके मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद तिथे होता. नोटेशन वाचू शकणाऱ्या याच गोमंतकीय वादकांनी पुढे हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. अनेक तारांवर पसरलेल्या कॉर्डची सवय मराठी मुलखाच्या कानांना त्यांच्यामुळे झाली.

१७/ या परंपरेतील एक नाव विशेष आहे: अमान्सिओ डिसिल्वा. १९३६ मध्ये मुंबईत, गोमंतकीय कुटुंबात जन्म. पुढे ते लंडनला गेले. ‘इंटिग्रेशन’ आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासह केलेला ‘हम दोनो’ हे त्यांचे अल्बम १९६९ मध्ये निघाले. जॅझ गिटारची भाषा आणि रागाची वळणे त्यांच्या वादनात शेजारी शेजारी येतात. एकाच तारेवरची वाट आणि अनेक तारांची वाट एका हातात नांदू शकते, याचा हा पुरावा.

१८/ उलट दिशेनेही प्रवास झाला. १९७० च्या दशकात जॉन मॅकलॉफ्लिनने ‘शक्ती’ या गटासाठी मुद्दाम बनवून घेतलेल्या गिटारला तिरप्या अनुनादी तारा होत्या आणि पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरलेले होते, जेणेकरून तार वीणेसारखी ओढता यावी. इलेक्ट्रिक गिटारवर अशीच खोलगट पट्टी पुढे स्वीडनच्या इंग्वे माल्मस्टीनची ओळख बनली. म्हणजे स्वीपचा सर्वांत प्रसिद्ध वादक ज्या पट्टीवर वाजवत होता, तिच्यामागचे तत्त्व वीणेच्या कुळाला फार आधीपासून ठाऊक होते. वीणेचे पडदे उंच असतात आणि तार लाकडाला टेकत नाही.

१९/ माल्मस्टीनचा ‘रायझिंग फोर्स’ हा अल्बम १९८४ मध्ये आला आणि स्वीप हे रॉक गिटारचे मुख्य अस्त्र झाले. प्रेरणा उघडच पागानिनीची होती. इथे यंत्राचाही हात आहे. डिस्टॉर्शन लावलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे अगदी हलका आघातही मोठा आणि लांबट ऐकू येतो, म्हणून पिक नुसती सरकवली तरी पुरते. पण त्याच डिस्टॉर्शनमुळे न थांबवलेली तार सगळ्या स्वरांचा चिखल करते. वीज नसती तर स्वीप इतका सोपा झाला नसता, आणि विजेमुळेच तो स्वच्छ वाजवणे इतके अवघड झाले.

२०/ याच दशकात फ्रँक गँबाले या ऑस्ट्रेलियन वादकाने दुसरा मार्ग घेतला. कॅनबरात वाढलेला गँबाले हॉलिवूडच्या ‘गिटार इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’त आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक होता. त्याने स्वीपला अलंकाराच्या जागेवरून उचलून पद्धतीचा दर्जा दिला. नियम साधा: पुढच्या तारेकडे जायचे असेल तर मागच्या तारेवरचा शेवटचा आघात त्याच दिशेचा असावा. त्यासाठी प्रत्येक तारेवर विषम संख्येने, एक किंवा तीन, स्वर ठेवायचे. पुस्तक आणि व्हिडिओ कॅसेटच्या रूपाने ही पद्धत जगभर गेली.

२१/ मुंबईत १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ हा गट स्थापन झाला, ज्यात गिटारवर महेश तिनईकर होते. १९८६ पासून धोबी तलावाजवळच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला. त्या पिढीच्या हाती इंटरनेट नव्हते. ध्वनिफीत मागे-पुढे करून स्वर कानाने टिपायचे, आणि हात कसा चालला असेल याचा अंदाज बांधायचा. ऐकून स्वर कळतो, पण पिक खाली गेली की वर, हे कळत नाही. स्वीपसारखे तंत्र ध्वनिफितीतून उलगडणे म्हणूनच कठीण होते.

२२/ २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि ही अडचण जवळपास संपली. सटाण्यात बसलेल्या मुलाला आज जगातील कोणत्याही वादकाचा हात संथ गतीने पाहता येतो. १९८६ च्या मुंबईकराला जे मिळत नव्हते ते बागलाणात मिळते. मात्र नवी अडचण उभी राहिली आहे. चित्रफितीत डोळा उजव्या हाताकडे जातो, कारण हालचाल तिथे दिसते. खरे काम डाव्या हाताच्या बोटांखाली चाललेले असते, आणि दाब सैल होणे पडद्यावर दिसत नाही. ते ऐकूनच कळते.

२३/ एक उदाहरण घेऊ. ‘ए’ हा स्वर षड्ज मानला, तर ए मायनर कॉर्ड म्हणजे सा, कोमल ग आणि प. तिसऱ्या तारेवर चौदावा पडदा: सा. दुसऱ्या तारेवर तेरावा: कोमल ग. पहिल्या तारेवर बारावा: प. पिक खालच्या दिशेने एकदाच ओढायची, तीनही तारांवरून. मग पहिल्याच तारेवर सतराव्या पडद्यावर करंगळी आपटायची: तार सा. परतताना करंगळी तार खेचून सोडते, प पुन्हा वाजतो, आणि पिक वरच्या दिशेने दुसऱ्या व तिसऱ्या तारेवरून परत येते.

२४/ करंगळी आपटण्याला गिटारवादक ‘हॅमर-ऑन’ आणि खेचून सोडण्याला ‘पुल-ऑफ’ म्हणतात. सतारीत बोट खेचून स्वर काढण्याला कृंतन म्हणतात, आणि जमजम्यात बोट आपटून स्वर काढला जातो. पिकचा आघात न करता केवळ डाव्या हाताने स्वर काढण्याची ही युक्ती दोन्ही परंपरांना अवगत आहे. स्वीपचा हा एक तुकडा मराठी विद्यार्थ्याला आपल्याच शब्दांत समजू शकतो.

२५/ पुढची पायरी पाच तारांची. पाचव्या तारेवर बारावा पडदा, चौथ्या तारेवर चौदावा, आणि मग वरच्याच तीन तारा. इथे चौथ्या व तिसऱ्या तारेवर एकच पडदा येतो: चौदावा. एकच बोट दोन्ही तारांवर सपाट ठेवले तर दोन्ही स्वर एकत्र वाजतात आणि स्वीप बिघडतो. म्हणून बोट कलंडवावे लागते. आधी टोकाने चौथी तार दाबायची, मग बोट आडवे करत दाब तिसरीवर न्यायचा, आणि त्याच क्षणी टोक चौथीवरून सैल करायचे. वाजवून झालेल्या जाड तारांवर उजव्या तळव्याची कड टेकवली की त्या गप्प राहतात.

२६/ म्हणून जाणते शिक्षक प्रथम वेग मागत नाहीत. मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर लावावा, एका ठोक्याला एक स्वर वाजवावा, आणि प्रत्येक स्वर संपतो कुठे ते ऐकावे. उजव्या हाताने तीन वेगळे आघात करू नयेत. एका तारेवरून सुटलेली पिक पुढच्या तारेवर टेकून थांबावी. मनगट किंवा दंड दुखू लागला तर थांबावे. दुखऱ्या हाताने केलेला सराव चुकीची हालचाल पक्की करतो आणि इजा ओढवतो.

२७/ हात ही किती नाजूक ठेव आहे, हे या तंत्राच्या इतिहासातच लिहिलेले आहे. अमेरिकेचा जेसन बेकर १९६९ मध्ये जन्मला. १९८७ मध्ये मार्टी फ्रीडमनबरोबर ‘कॅकोफनी’ या गटाचा पहिला अल्बम, १९८८ मध्ये स्वतःचा ‘पर्पेच्युअल बर्न’. पागानिनीचा पाचवा कॅप्रिस त्याने गिटारवर वाजवलेला आहे. स्वीप इतका स्वच्छ आणि इतका गाणारा असू शकतो, हे त्याने विशीच्या आत दाखवले. वयाच्या विसाव्या वर्षी त्याला ए.एल.एस. हा मज्जातंतूंचा आजार असल्याचे निदान झाले. हळूहळू हात गेले, मग वाचाही गेली.

२८/ त्याच्या वडिलांनी डोळ्यांच्या हालचालींवरून अक्षरे ओळखण्याची एक पद्धत तयार केली. तिच्या आधारे जेसन बेकर बोलतो आणि संगीतरचनाही करतो. २०१८ मध्ये त्याचा ‘ट्रायम्फंट हार्ट्स’ हा अल्बम आला, ज्यात त्याच्या रचना इतर वादकांनी वाजवल्या आहेत. पिक धरणारा हात उरला नाही, पण कोणता स्वर कुठे सुरू व्हावा आणि कुठे थांबावा याचे ज्ञान उरले. वेगासाठीच त्याला ओळखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

२९/ आता आरंभीच्या दोन विधानांकडे. ‘आपल्या ग्रंथांत हे होतेच’ हे खरे नाही. शार्ङ्गदेवाने जे लिहिले ते एका तारेवरच्या अनेक बोटांचे शास्त्र आहे, आणि त्याला स्वीप म्हणणे म्हणजे त्याने खरोखर काय लिहिले ते न वाचणे. ‘आपला काही संबंध नाही’ हेही खरे नाही. स्वरमंडलावरचा ओघ, कृंतन आणि जमजमा, मिजराबीचे दा-रा, गोमंतकीय वादकांनी रुजवलेली हार्मनी, खोलगट पट्टीमागचे वीणेचे तत्त्व, एवढे दुवे समोर आहेत. संबंध आहे, तो पूर्वजत्वाचा नसून शेजाराचा आहे.

३०/ शेजारी कसे वेगळे झाले हे पाहण्यातच इतिहासाचा खरा आनंद आहे. मिरजेच्या कारागिरांची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या सतारीवर स्वीप वाजणार नाही, आणि गिटारवर सतारीइतकी खोल मींड निघणार नाही. दोन्ही वाद्यांनी आपापल्या संगीताला जे हवे होते ते निवडले आणि बाकीचे सोडून दिले. सटाण्यातील विद्यार्थ्याच्या हातात गिटार असेल तर त्याने स्वीप अवश्य शिकावा. शिकताना अधूनमधून स्वरमंडल ऐकावे. तिथे तारा मोकळ्या सोडल्या आहेत, इथे त्या एकेक करून थांबवायच्या आहेत. हा फरक कानाला पटला की डाव्या हाताला काय करायचे ते अर्धे कळलेले असते.